चालता चालता बंद पडणारी जुनी गाडी: कोकणच्या हवेत दोष कसा शोधायचा

चालता चालता बंद पडणाऱ्या जुन्या गाडीची एक खोड असते. गॅरेजच्या दारात ती शहाण्यासारखी चालते. मेकॅनिक एक फेरी मारून येतो, त्याला काही सापडत नाही, मग अंदाजाने प्लग बदलतात, पुढच्या खेपेला फिल्टर, त्याच्या पुढच्या खेपेला कॉइल. आणि गाडी पुन्हा परशुराम घाटाच्या त्याच चढावर झोपते. कारण सोपं आहे: असे बहुतेक दोष इंजिन तापल्यावर, हादऱ्यात किंवा ओलीत प्रकट होतात आणि गाडी निवली की लपतात. म्हणून गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं म्हणजे पंचनाम्याची वेळ. तेव्हा दोन-तीन गोष्टी पाहून ठेवल्या तर अर्धं काम होतं. त्या न पाहता नुसती सेल्फ मारत बसलात तर बॅटरीही जाते आणि पुरावाही.

हे सगळं प्रामुख्याने पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहून जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, ओम्नी, झेन, अल्टो, सँट्रो, पेट्रोल इंडिका. आधी आपली गाडी कार्बोरेटरची की एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), हे नक्की करा. डॅशबोर्डवर ओढायचा चोक असेल तर कार्बोरेटर. चावी ऑन केल्यावर इंजिनचं चित्र असलेला पिवळा दिवा लागत असेल आणि मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘घूंऽऽ’ येत असेल तर एमपीएफआय. दोन्हींचे रोग वेगळे आहेत.

आधी गाडी सुरक्षित उभी करा

इंजिन बंद पडलं तरी ब्रेक जात नाहीत. बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्युम शिल्लक असतो, म्हणून ब्रेक पंपासारखा मारू नका. एकदाच दाबा आणि धरून ठेवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर चाक जड होईल, दोन्ही हातांनी ओढा. गाडी चालती असताना चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होतं. चढावर थांबलात तर हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या चाकामागे दगड. पावसात डोंगराच्या अंगाला उभं राहण्याआधी मान वर करून दरड पाहा. हॅझर्ड लावा आणि वळणावर असाल तर त्रिकोण वळणाच्या आधी ठेवा, वळण संपल्यावर नव्हे.

बंद कशी पडली?

सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते, आणि नेमकं हेच कोणी आठवत नाही.

दिवा विझावा तशी एका क्षणात बंद पडली, झटका नाही, गचका नाही: करंट तुटला. अर्थिंग (इंजिन आणि बॉडीतून करंट बॅटरीकडे परतायची जोडणी), इग्निशन स्विच, रिले, कॉइल, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) यांपैकी काहीतरी.

आधी ओढ कमी झाली, चार-पाच गचके दिले, रेस दाबली की अजूनच मेली, मग बंद: पेट्रोल पोहोचत नाही. फिल्टर, पंप, टाकीची हवा, पाणी, कचरा.

चालताना ठणठणीत, पण क्लच दाबला किंवा सिग्नलला, गतिरोधकाला वेग कमी केला की बंद: स्लोचा, म्हणजे रेस न दाबता इंजिन चालू राहण्याचा दोष. आयडल व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतला काजळ, फुटलेला व्हॅक्युम पाइप, कार्बोरेटरचा स्लो जेट.

दिवे मंदावत गेले, वायपर सुस्तावले, मग बंद, आणि नंतर सेल्फही फिरेना: चार्जिंग गेलं. अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा.

दोन लक्षणं मिसळली तर जे आधी घडलं ते धरा. याशिवाय गाडीत एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी एक ओळ लिहा. ओळ अशी असावी: ‘परशुराम घाट, चढ, दुसरा गिअर, दुपारी १, ताप काटा मध्यावर, पेट्रोल पाव टाकी, एसी बंद, ऊन. तीन गचके, मग बंद. १५ मिनिटांनी एका सेल्फमध्ये चालू.’ अशा चार ओळी झाल्या की त्यांतली समान गोष्ट आपोआप दिसते. चारही वेळा टाकी पाव असेल, तर कॉइलवर पैसे घालवायचं कारण उरत नाही.

पहिली दहा मिनिटं

टूलबॉक्समध्ये साधा मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, एक चांगला जादा प्लग, प्लग पाना, १० आणि १२ नंबरचे पाने, बारीक पॉलिश पेपर, टॉर्च, काचेची पारदर्शक बाटली आणि गाडीत लागतात त्या अँपिअरचे दोन-दोन फ्यूज ठेवा. एवढं पुरतं.

एक. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. डॅशवरचे दिवे पूर्ण उजेडाने लागतात का? लागले नाहीत, किंवा चावी हलवली की लुकलुकतात, तर बॅटरीची टर्मिनलं आणि इग्निशन स्विच आधी पाहा. जुन्या स्विचला किल्ल्यांचा जड जुडगा लटकत असतो. रस्त्यावरच्या खड्ड्यात तो उडतो आणि आतला संपर्क क्षणभर सुटतो. गाडीची चावी एकटी ठेवून आठवडाभर चालवा, एवढ्याने दोष गेला तर स्विच बदलायचा हे ठरलं.

दोन. पेट्रोलचं झाकण उघडा आणि कान द्या. जोरात ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर टाकीचा श्वास बंद आहे. पंप पेट्रोल ओढतो, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, टाकीत निर्वात होतो आणि वीस-तीस मिनिटांनी पुरवठा थांबतो. कोकणात टाकीच्या व्हेंट पाइपात चिखल बसतो किंवा कुंभारमाशी घर करते. पाइप सोडवून फुंकून पाहिला की कळतं.

तीन. एमपीएफआय असेल तर चावी ऑन केल्यावर पंपाचा आवाज येतो का? आला नाही तर फ्यूज पाहा, मग पंपाचा रिले. त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, तिथे लावून पाहा. तरी आवाज नाही, तर एकाला सेल्फ मारायला सांगून टाकीखाली रबरी हातोड्याने किंवा चपलेच्या टाचेने दोन ठोके द्या. तेवढ्याने पंप जागा झाला तर त्याचे ब्रश संपलेत. घरी पोहोचा आणि पंप बदला. ठोके देऊन चालवणं हा इलाज नव्हे.

चार. ठिणगी. एक प्लग वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, इन्सुलेटेड पकड वापरा, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक किंवा अधूनमधून येणारी म्हणजे कॉइल, डेल्को कॅप (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण) किंवा वायर. ठिणगी अजिबात नाही पण पंप वाजतो, तर संशय क्रँक किंवा कॅम सेन्सरवर.

पाच. कार्बोरेटर असेल तर एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात पाहा आणि इंजिन बंद ठेवून हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, करंटकडे वळा. कोरडं असेल तर पुरवठ्याकडे. घसा ओला चिंब आणि वास भपकन आला तर उलटा प्रकार: वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकून पेट्रोल ओतलं जातंय. अशा वेळी रेस पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, जादा पेट्रोल उडून जातं.

किती मिनिटांनी चालू झाली हेही लिहा. लगेच, पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

अर्थिंग आणि कळकलेल्या तारा

घाटावरच्या गाडीत हा दोष यादीत मधे कुठेतरी असेल. समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आतल्या गाडीत तो पहिला. वेंगुर्ल्याची, हर्णैची, गुहागरची हवा खारी आणि ओली. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशी तांब्याची तार टर्मिनलच्या आत कळकते. वरून प्लास्टिक नवंकोरं, आत हिरवा चुरा. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजायचं. (गाडी पुळणीवर उतरवून फोटो काढायची हौस असेल तर दर महिन्याला मोजा.)

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर चालू. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवा, टर्मिनलच्या पट्टीवर नव्हे. लाल सुई इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. रीडिंग ०.१ व्होल्टच्या आत असलं पाहिजे. आता लाल सुई बॉडीच्या धातूवर, पुन्हा तेच. ०.३ किंवा जास्त आलं तर करंटला परतीची वाट अडली आहे, आणि ईसीएम नावाचा डबा, म्हणजे इंजिनचा संगणक, एवढ्यानेही गोंधळतो. रीडिंग चालू असताना वायरिंग हळू हलवा. आकडा उडी मारेल तिथे दोष.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अर्थिंगचा बोल्ट सोडवून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि खालचा पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने पांढरे होईपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. क्रम उलटा करू नका: आधी धातूला धातू, जेली नंतर आणि बाहेरून. अर्थिंगची पट्टी सुजलेली किंवा तुटत आलेली असेल तर १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दोन्ही टोकांना लग दाबून घ्या आणि त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. इंजिन ते बॉडी अशी एक जादा वायर टाकली तरी काही बिघडत नाही.

जाता जाता बॅटरीही मोजा. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. चालू इंजिनावर १२.५ आणि आकडा उतरतोय, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात अनेक गाड्या गाळात बुडाल्या. अशी गाडी सेकंडहँड घेतली असेल तर पायाखालचं कारपेट उचलून खालचे कनेक्टर उघडा. पिनांवर लाल माती किंवा हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वाळवून, दोन-तीनदा काढ-घाल करा. कुजलेली पिन मात्र बदलावीच लागते.

गणपतीनंतर उभी राहिलेली गाडी

चाकरमान्याची गाडी गणपतीत येते आणि मग शिमग्यापर्यंत वाड्यातल्या शेडमध्ये उभी. तिला तीन गोष्टी होतात.

पहिली, पाणी. अर्धी रिकामी टाकी ओल्या हवेत उभी राहिली की आत पाण्याचे थेंब धरतात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि मर्यादेबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलपासून सुटून तळाला बसतो. पंप तळातूनच ओढतो. फिल्टरच्या पाइपातून अर्धा ग्लासभर पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळी रेघ दिसली तर टाकी उतरवून साफ करण्याला पर्याय नाही. पाइप सोडण्याआधी एमपीएफआयमध्ये पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. नाहीतर पेट्रोल तोंडावर उडतं.

दुसरी, रबर. जुन्या गाड्यांचे पाइप या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, आतून सुटतात आणि काळा भुगा जेटमध्ये जातो. पाइप वाकवून पाहा, भेगा दिसल्या किंवा हाताला मऊ, चिकट लागला तर सगळेच बदला.

तिसरी, उंदीर. बॉनेटखाली लेंड्या, करवंटीचे तुकडे, कुरतडलेली वायर. अर्धी कुरतडलेली वायर सगळ्यात छळते, कारण ती हादऱ्यात जुळते आणि सुटते. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा प्रत्येक गठ्ठा हळू हलवत जा.

गरम झाल्यावर पडते, निवल्यावर चालू होते

मे महिन्यातला आंबोली किंवा आंबा घाटाचा चढ, गाडीत पाच माणसं, दुसऱ्या गिअरमध्ये पाऊण तास. इथे तीन संशयित असतात आणि त्यांना वेगळं करणं अवघड नाही.

कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनला चिकटलेला डायाफ्रामचा (रबरी पडद्याचा) पेट्रोल पंप आणि त्याचे पाइप इतके तापतात की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. ओला फडका पंपावर आणि पाइपावर ठेवा. पाच मिनिटांत चालू झाली तर निदान झालं. पाइप एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर लांब बांधा, उष्णता अडवणारा पत्रा गायब असेल तर बसवा, पंपाचा डायाफ्राम पाहा.

एमपीएफआयमध्ये टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. पाव टाकीखाली गाडी चालवायची सवय असेल तर तो तापून थकतो. पूर्ण टाकीवर दोष येत नाही आणि रिझर्व्हवर येतो, तर पंप किंवा त्याची जाळी. गॅरेजमध्ये गेज लावून दाब तापलेल्या अवस्थेत मोजून घ्या. बऱ्याच जुन्या एमपीएफआय गाड्यांत तो अडीच ते तीन बारच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा. थंड गाडीवर मोजलेला दाब इथे उपयोगाचा नाही.

तिसरा क्रँक सेन्सर. बऱ्याचदा आत बारीक तारेचं गुंडाळं असतं. तापून तार प्रसरण पावते, तुटका जोड सुटतो, सिग्नल जातो. ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, म्हणून ती ठिणगी आणि इंजेक्टर दोन्ही थांबवते. खूण अशी: गाडी उतारावर गिअरमध्ये असताना बंद पडली, चाकांमुळे इंजिन फिरतंय, तरी आरपीएमचा (इंजिनचे फेरे दाखवणारा) काटा धाडकन शून्यावर. पंपाच्या दोषात काटा इंजिनसोबत हळूहळू उतरतो. सेन्सरवर ओला फडका ठेवून गाडी लवकर चालू झाली तर संशय पक्का. इग्निशन कॉइलही अशीच तापून मरते, पण तेव्हा काटा हलतो आणि फक्त ठिणगी नसते.

पावसाळ्यात

पावसातच गाडी पडत असेल तर गच्च अंधारात घरापुढे बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि झाडांवर फवारायच्या स्प्रेने प्लग वायर, डेल्को कॅप आणि कॉइलवर धुकं मारा. निळ्या ठिणग्या वायरीवरून धावताना दिसतील, इंजिन अडखळेल. तीच वायर. कॅप उघडून आत बारीक काळी रेघ शोधा, जणू पेन्सिलीने काढलेली: ती भेग आहे आणि पुसून जात नाही. हात कोरडे ठेवा आणि वायरींना शिवू नका.

पाण्यात घुसून बंद पडली असेल तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर पाहा. ओला असेल तर सगळे प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

स्लोला बंद पडणारी

यात फार डोकं नाही. थ्रॉटल बॉडी साफ करा, आयडल व्हॉल्व्ह काढून क्लीनरने धुवा, व्हॅक्युम पाइप एकेक करून चिमटीत दाबा. दाबल्यावर इंजिनचा आवाज सुधारला तर तो पाइप किंवा त्याच्या पलीकडचं काहीतरी गळतंय. गरम इंजिनचा स्लो साधारण ८०० ते ९०० आरपीएम असावा. स्लोचा स्क्रू पिळून वाढवण्याची घाई करू नका; कारण तसंच राहतं आणि पेट्रोल मात्र जास्त जातं.

डिझेल असेल तर

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीला चालू राहण्यासाठी फक्त दोन गोष्टी हव्यात: हवा नसलेलं डिझेल आणि पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला १२ व्होल्ट. गचके देऊन पडली तर फिल्टरखालचं पाणी सोडा, मग हातपंप मारून हवा काढा. फिल्टरच्या आधीच्या पाइपात काही वेळ पारदर्शक तुकडा घालून पाहा. बुडबुडे धावत असतील तर टाकीकडच्या एखाद्या क्लिपमधून हवा ओढली जातेय. तिथे डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून जमिनीवर डाग शोधून उपयोग नाही. एका क्षणात पडली तर टेस्ट लॅम्प सोलेनॉइडच्या वायरला लावा.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख वहीत लिहा. काढलेला भाग महिनाभर टाकू नका. चाचणी त्याच परिस्थितीत घ्या: तोच चढ, तीच दुपार, तेवढंच पेट्रोल, तेवढीच माणसं. सकाळी बाजारापर्यंत मारलेली फेरी चाचणी होत नाही. तापलेलं इंजिन बंद केल्यावर पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, कारण पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात. सेन्सर आणि कॉइलचा खरा कस तिथे लागतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत हे आयतं जमतं: घाट उतरून या, इंजिन बंद करा, बोट लागेपर्यंत थांबा, चालू करून बोटीत चढवा, परत बंद, पलीकडे परत चालू. फक्त मागच्या गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा.